जागा

आमच्या घरात थंडी सुरू झाली की आधी माळ्यावरून सतरंजी खाली येते, स्वेटर मागाहून. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साधी सतरंजी, एका कोपऱ्याला चहाचा जुना डाग. तिच्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही की पाहुण्यांची पंगत बसलेली नाही. ती फक्त सवाईची, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाची. वर्षातले पाच दिवस ती कामावर असते, बाकीचे दिवस डांबराच्या गोळ्यांत विश्रांती. ‘तुमच्यापेक्षा तिचं बरं आहे, घोरत नाही,’ असं आमची ही म्हणते.

ही गाण्यातली, मी सिनेमातला. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मंडळींनी ‘दोघांनाही कलेची आवड आहे’ एवढ्यावर समाधान मानलं होतं. कुठल्या कलेची, हे विचारायचं राहून गेलं. पहिल्याच हिवाळ्यात तह करावा लागला. नोव्हेंबरात तिने माझ्याबरोबर गोव्याला इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला यायचं, डिसेंबरात मी तिच्याबरोबर सवाई गंधर्वला जायचं. जानेवारीतल्या पुण्याच्या चित्रपट महोत्सवाला मात्र मी एकट्याने जायचं, कारण तोवर तिची रजा आणि माझ्याविषयीची सहानुभूती दोन्ही संपलेल्या असतात. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत झाला आणि भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तो १९५३ साली. म्हणजे माझा महोत्सव तिच्या महोत्सवापेक्षा वर्षाने मोठा. हे मी एकदा जरा अभिमानाने सांगितलं. ‘मोठा आहे, पण पन्नास वर्षं गावोगाव फिरत होता. आमचा पुणं सोडून कुठे गेला नाही,’ ती म्हणाली. इफ्फी गोव्यात स्थिर झाला २००४ साली. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

सवाईला खुर्च्या असतात, नाही असं नाही. पण खुर्चीवर बसून ख्याल ऐकणं हिला उभ्याने पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटतं. म्हणून भारतीय बैठक. बैठकीत कुणाचं नाव-नंबर नसतं, जो आधी पोचेल त्याची जागा. त्यामुळे गाणं दुपारी असलं तरी आमचं सवाई सकाळच्या पोळ्यांबरोबर सुरू होतं. डबा, थर्मास, दोन शाली, एक उशी, आणि माझ्या खांद्यावर सतरंजी. मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानाबाहेर रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या माणसाशी गेल्या वर्षीच्या तबल्याविषयी बोलायचं. पुणेकर कशासाठीही धावत नाही, असं ज्यांचं मत असेल त्यांनी फाटक उघडतानाचा तो क्षण एकदा पाहावा. मागच्याच आठवड्यात ‘डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केलीय’ म्हणून सांगणारे एक काका मला डावीकडून मागे टाकून गेले. दोन्ही गुडघे बदललेल्या एक मावशी तर आधीच पोचून, पाय पसरून, कवळीचा डबा शोधत होत्या.

जागा मिळवणं सोपं. टिकवणं ही खरी साधना. दोन माणसांच्या सतरंजीवर चार माणसांचं सामान अशा बेताने मांडायचं, की पाहणाऱ्याला एकत्र कुटुंब वाटावं. इथे शाल, तिथे चष्म्याचं घर, टोकाला उशी, मधे उघडी कार्यक्रमपत्रिका. तरी कुणीतरी वाकून विचारतंच, ‘इथे कुणी आहे का?’ त्याला एकच उत्तर असतं. ‘आहेत, येताहेत.’ मराठी भाषेतलं इतकं निर्दोष वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. कोण आहेत, किती आहेत, कुठून येताहेत, काही सांगितलेलं नाही. खोटंही नाही, कारण जगात कुणी ना कुणी कुठून तरी येतच असतं. हे वाक्य पहिल्या वर्षी मी अडखळत म्हटलं. आता पाठ फिरवूनसुद्धा म्हणतो.

त्याच पहिल्या वर्षाची गोष्ट. गायिकेने वरच्या षड्जाला जाता जाता काहीतरी केलं. काय ते मला कळलं नाही, पण सगळ्या मांडवातून एक ‘आहाहा’ वाऱ्यासारखा गेला. हिने डोळे मिटले आणि म्हणाली, ‘काय जागा आहे!’

मी म्हटलं, ‘आहे चांगली, पण खांब आड येतोय.’

मध्यंतरापर्यंत ही माझ्याशी बोलली नाही. मागचे एक गृहस्थ मात्र पुढची दोन वर्षं मला पाहिलं की खांबाची चौकशी करत. गाण्यातली जागा म्हणजे काय, हे मला पुढे बटाटेवड्याच्या रांगेत समजावून सांगण्यात आलं. राग सगळ्यांचा ओळखीचा, चीज ओळखीची, वाटही ठरलेली. त्या वाटेवर गाणारा एका वळणाशी जरासा थबकतो आणि जिथे आजवर कुणी टेकलं नव्हतं अशा कोपऱ्यात क्षणभर बसून उठतो, ती जागा. मला ही व्याख्या पटली. मीही तीन तास तेच शोधत होतो.

बैठकीत आमच्या शेजारी दरवर्षी एक काका असतात. त्यांचा नियम असा, की आज जे चाललंय ते बरं आहे, पण खरं गाणं रमणबागेत झालं. रमणबागेच्या मैदानावर तेव्हा रात्रभर बैठक चाले आणि शेवटी भीमसेन गायला बसत. पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना बांध घातला. कधी थोडी सवलत मिळते, पण रात्र गेली ती गेली. त्यामुळे ज्यांनी ‘रात्रभर’ ऐकलं ते उच्चवर्णीय आणि आम्ही दहापर्यंतवाले. काका सांगतात, ‘पहाटे चारला कुडकुडत बसलो होतो, शालसुद्धा नव्हती.’ दर वर्षी थंडी एका अंशाने वाढते. गेल्या खेपेला दव पडू लागलं होतं. अजून दोन-तीन वर्षांत बर्फ पडेल, तोवर त्यांनी नक्की यावं.

आता माझ्याकडे या.

दरवर्षी नोव्हेंबरात नऊ दिवस गोव्याला जातो म्हटलं की कचेरीत सगळे डोळे मिचकावतात. परत आलो की माझा रंग पाहून त्यांना कोडं पडतं. जाताना होता त्याहून फिका. वीसेक वर्षं गोव्याला जातोय, पण नोव्हेंबरातला समुद्र मी फक्त पडद्यावर पाहिला आहे, तोही बहुधा उत्तर युरोपातला, करडा, आणि त्याच्या काठी आईशी न पटणारा एक मुलगा. सकाळी गळ्यात प्रतिनिधीचं ओळखपत्र अडकवायचं आणि पणजीत कांपालच्या रस्त्याने धावायचं. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या आयनॉक्समधून निघून कला अकादमीत, तिथून परत. डाव्या-उजव्या हाताला कुठेतरी मांडवी असते, तिच्यावर दिवे लावलेली कॅसिनोची जहाजं असतात. चार्ल्स कोरियांनी इतक्या प्रेमाने बांधलेली ती अकादमी असते, नदीपर्यंत मोकळी सोडलेली. हे सगळं मला हिने सांगितलं. मी पुढच्या खेळाची वेळ बघत होतो.

इथेही जागेचीच लढाई, फक्त सतरंजी मोबाइलवर. खेळाआधी बुकिंग उघडतं आणि आपण अंगठा टेकवेपर्यंत हवा तो सिनेमा भरलेला असतो. मग रश लाइन. रश लाइन म्हणजे ज्यांच्याकडे तिकीट नाही पण मतं आहेत अशा लोकांची रांग. तिथे पुढे बहुधा केरळचे रसिक असतात. ते रात्रीच्या गाडीने आलेले असतात, आणि आपण ज्या दिग्दर्शकाचं नाव नीट उच्चारायला शिकत असतो त्याचे सुरुवातीचे लघुपटही त्यांनी पाहिलेले असतात. त्यांच्यापुढे मी गप्प राहतो. मान हलवत राहतो, सवाईत शिकलो तसा.

खरा घोळ होतो दुपारी. दोन खेळांच्या मधे पाऊण तास मिळतो. शहाणा माणूस त्यात केळं खाईल. पण पणजीत येऊन शीत-हुमण न खाता अंधारात जाऊन बसणं मला अजून साधलेलं नाही. वर तळलेला बांगडा, वर सोलकढी. मग थंडगार थिएटर, मऊ खुर्ची आणि पडद्यावर बेला टार.

‘द ट्युरिन हॉर्स’ हा त्याचा २०११ सालचा चित्रपट. लांबी १४६ मिनिटं आणि तेवढ्यात शॉट साधारण तीसच. एक म्हातारा, त्याची मुलगी, एक घोडा, बाहेर सतत वारा. मुलगी बटाटे उकडते. दोघं बसून गरम बटाटा हाताने सोलून खातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा. मी असा चित्रपट दहा वर्षं शोधत होतो. दुसऱ्या दिवसाच्या बटाट्यापर्यंत मी त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतो. मग डोळ्यांवर जरा वजन आलं. उघडले तेव्हा दोघं बटाटाच खात होते. चला, मिनिटभराची डुलकी, काही सुटलं नाही, म्हणून मी सुस्कारा सोडला.

‘हा तिसरा दिवस आहे,’ ही कानाशी म्हणाली.

मला लाज वाटली. सिनेमाच्या माणसाने सिनेमात झोपावं आणि गाण्यातल्या बाईने टक्क जागं राहावं! बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘कंटाळा नाही आला?’

‘कंटाळा कसला? विलंबित होतं. किराणा घराण्यात आलापी अशीच असते. एक सूर घ्यायचा आणि त्याच्यापाशी बसायचं, घाई नाही. तोच बटाटा, पण रोज एका वेगळ्या बाजूने खातात. तुम्हाला दिसलं नाही?’

नाही दिसलं. स्थायी संपायच्या आधीच मी गेलो होतो. वीस वर्षं मी जगातल्या संथ सिनेमावर लेख वाचतोय, पण ही एक ओळ कुणी लिहिली नव्हती. म्हटलं, ‘मग द्रुत का नाही आला?’ ती म्हणाली, ‘शेवटी दिवाच विझला ना. अंधारात कसला द्रुत?’

झोपेच्या बाबतीत मात्र गाण्याने माणसाची जी सोय करून ठेवली आहे ती सिनेमाला जमलेली नाही. सिनेमात डोळे मिटले की अडाणी. गाण्यात डोळे मिटले की तल्लीन. त्याच डिसेंबरात याचा प्रत्यय आला. मांडवात हल्ली मोठे पडदे असतात. मागे बसणाऱ्यांना गायकाचा चेहरा दिसावा म्हणून, आणि मधूनमधून कॅमेरा श्रोत्यांवरही फिरतो. संध्याकाळची वेळ, पोटात पिठलं-भाकरी, सतार विलंबित गतीत रमलेली. मी शालीत गुरफटून बसलो होतो, मान एका लयीत खाली जात होती आणि दचकून वर येत होती. म्हणे योगायोगाने समेवर. पडद्यावर माझा भलामोठा चेहरा आला आणि बराच वेळ राहिला. मी पाहिला नाही, अर्थातच. दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत एक अनोळखी बाई म्हणाल्या, ‘काल तुम्हाला पाहून आम्हाला ऐकायचं कसं ते कळलं.’ रमणबागवाल्या काकांनी तर पाठीवर हात ठेवला. ‘आता असे श्रोते राहिले नाहीत,’ ते म्हणाले. ही शेजारी उभी राहून चहात साखर ढवळत होती. त्या स्टॉलवरचा चहा साखर घालूनच येतो.

आम्हा दोघांची सामाईक जमीन एकच. सवाईच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ नावाने गायक-वादकांवरचे माहितीपट दाखवतात. गाणंही आणि सिनेमाही, तेव्हा तहाप्रमाणे दोघंही खूष असायला हवेत. पण पडद्यावर तानपुरा वाजू लागला की ही डोळे मिटून घेते. मी तिला कोपराने ढोसून सांगतो, ‘अगं, शॉट बघ.’ ती मला ढोसून सांगते, ‘अहो, ऐका.’ आणि मागचे आम्हा दोघांना गप्प बसवतात.

गेल्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी मला जरा बरं वाटत होतं. पाच दिवसांत डुलकी फक्त दोनदा. मुख्य गाणं संपलं तसा मांडवभर सतरंज्या झटकण्याचा आवाज झाला. रिक्षा मिळाली पाहिजे, बस चुकता कामा नये, चपला सापडल्या पाहिजेत. ज्या जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठी भल्या माणसांनी पाच दिवस एकमेकांशी अबोला धरला, ती मोकळी पडली होती. हवं तर आडवं व्हा. मी सतरंजीची गुंडाळी केली, थर्मास काखेत मारला आणि एका पायात चप्पल घातली. तेवढ्यात सांगतेची भैरवी लागली, सवाई गंधर्वांच्या आवाजातली, जुन्या ध्वनिमुद्रिकेवरची. दूरच्या खोलीतून यावा तसा किंचित खरखरणारा तो बारीक आवाज. ही होती तिथेच उभी राहिली. मीही, एक पाय गार जमिनीवर ठेवून. काका उठता उठता पुन्हा बसले होते, खालीच, सतरंजीशिवाय.

त्या आवाजाने एका वळणाशी काहीतरी केलं. या वेळी मलाही ते दिसलं, म्हणजे ऐकू आलं. हिने माझी बाही धरली आणि अगदी हळू म्हणाली, ‘जागा…’

‘आहेत,’ मी म्हटलं, ‘येताहेत.’