'डिग्री बदला' म्हणणाऱ्या प्रश्नपत्रिकाकार साहेबांस



प्रश्नपत्रिकेवर आपलं नाव छापत नाहीत, म्हणून हे पत्र उघड्यावरच टाकावं लागत आहे. चौथीच्या इंग्रजीच्या सराव प्रश्नपत्रिकेत आपण दोन गुणांना एक वाक्य दिलं होतं: 'रोहन इज द टॉलेस्ट बॉय इन द क्लास.' शेजारी सूचना: 'चेंज द डिग्री.' ही प्रश्नपत्रिका फिरत फिरत अकोले तालुक्यात कळसूबाईच्या बाजूच्या एका वाडीवर पोचली. तिथल्या चौथीचा पट एक. त्या एकानं मन लावून उत्तर लिहिलं: 'नो अदर बॉय इन द क्लास.' पुढं पूर्णविराम दिला आणि पेन ठेवलं. वाक्य अर्धवट म्हणून शून्य गुण.

साहेब, प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अख्ख्या प्रश्नपत्रिकेत खरं विधान हे एकच होतं.

आपल्या गाईडमध्ये उत्तर तयार आहे: 'नो अदर बॉय इन द क्लास इज ॲज टॉल ॲज रोहन.' पोरानं हे पाठ केलं होतं. लिहिता लिहिता 'अदर बॉय'पाशी त्यानं मान वर करून पाहिलं असणार. डावीकडे पहिलीच्या दोन मुली, उजवीकडे तिसरीतली तिघं, फळ्यापाशी तांदळाचं पोतं. चौथीतला दुसरा 'बॉय' काही सापडला नाही. तसं त्यानं प्रामाणिकपणे कळवलं. व्याकरण सांगतं की कम्पॅरेटिव्हला दोघं लागतात आणि सुपरलेटिव्हला किमान तिघं. हा नियम पोरानं पाळला. मोडला आपण. त्याच्या वर्गात सर्वांत उंच तोच, सर्वांत बुटका तोच, पहिला नंबर त्याचा आणि शेवटचाही त्याचाच. मॉनिटरही तोच, आणि फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहायची वेळ आली की पंचाईतही त्याचीच.

त्याच प्रश्नपत्रिकेत 'माय स्कूल'वर पाच ओळी होत्या. मदतीला शब्द दिले होते: लायब्ररी, लॅबोरेटरी, कॅन्टीन, स्कूल बस, टाय. वाडीवरच्या शाळेत आहेत हापसा, सतरंजी, परिपाठ, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा. यातल्या एकाही गोष्टीला आपल्या चौकटीत जागा मिळाली नाही. पुढचा प्रश्न होता, 'हू इज युवर फेव्हरिट टीचर?' शाळेत शिक्षक दोन, त्यातले एक कायम कुठल्यातरी कामगिरीवर. निवड फार अवघड गेली नाही. असो, त्यावर भांडण नाही.

भांडण आहे ते तुलनेवर. आपल्या प्रश्नपत्रिकांत एव्हरेस्ट असतो, सर्वांत उपयोगी धातू म्हणून लोखंड असतं, 'व्हेरी फ्यू सिटीज'मधली मुंबई असते. ज्या पोराच्या दारातून १,६४६ मीटरची कळसूबाई दिसते, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, त्याला 'हायेस्ट' शिकवायला आपण नेपाळच्या सीमेवर नेता. हा नगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वरचा. 'लार्जेस्ट' शिकवायला आणखी काय लागतं? 'ओल्डर' हवं असेल तर भंडारदऱ्याचं धरण १९२६चं आणि लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमाराचा. दोन्ही याच जिल्ह्यात. पोरं उसाच्या ट्रॉल्या मोजतात, धरणाचं पाणी किती चढलं ते मोठ्यांच्या तोंडून ऐकतात. तुलना त्यांच्या बोलण्यात दिवसभर चालू असते. आपण ती वहीत येऊ देत नाही.

बरं, इंग्रजीचं या जिल्ह्याला वावडं होतं असंही नाही. मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार १८३९मध्ये नगरला आल्या आणि त्यांनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. शिकवायचं कसं, हे शिकायला सावित्रीबाई फुले नगरला त्यांच्याकडे आल्या होत्या. त्याच सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, कारण ज्यांना ज्ञानापासून दूर ठेवलं होतं त्यांना त्या भाषेतून वाट दिसत होती. राज्यानं २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तीही त्याच आशेवर. या सगळ्याचं फलित काय, तर पोरगं एकच वाक्य तीन डिग्र्यांत फिरवून दाखवतं, पण 'माझी वही संपली' हे इंग्रजीत सांगायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आता जरा कडू बोलायचं आहे. आपल्या प्रश्नाला एक सरकारी उत्तर तयार आहे, हे आपल्या लक्षात आलंय का? सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्यानं २०पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा १४ हजारांच्या वर होत्या. म्हणजे वाडीवरची शाळा बंद करा, पोरांना गाडीत बसवा, मोठ्या शाळेत नेऊन ओळीत उभं करा. झालं! 'अदर बॉय' मिळाले, 'टॉलेस्ट' सिद्ध झालं, आपला प्रश्न बिनचूक ठरला. गाडी आली नाही त्या दिवसाचं काय? ओढ्याला पाणी आलं त्या दिवसाचं काय? पहिलीतल्या त्या दोन मुलींना रोज इतक्या लांब कोण पाठवणार? पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे शिक्षण हक्काच्या नियमातलं वाक्य आहे, साहेब. त्याची डिग्री बदलायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही. पट कमी म्हणून पोर कमी होत नाही. खुर्चीतून तक्ता पाहणाऱ्याला जो सर्वांत लहान आकडा दिसतो, तो पोराच्या आईला एकुलता एक दिसतो!

इतकं लिहून झाल्यावर मात्र आपली कीव येते. आपण बहुधा शिक्षकच असणार. दिवसभर चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादीचं काम उरकायचं, आणि रात्री फोन, 'सर, सकाळपर्यंत पेपर पाठवा.' आपण मागच्या वर्षीचा पेपर उघडला, 'राजू'चा 'रोहन' केला आणि पाठवून दिला. राजूही त्याच्या आधीच्या पेपरातून आला होता. आपण स्वतः कुठल्यातरी खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' एका सुरात म्हटलेलं असणार. तेव्हा वर्गात पोरं दाटीवाटीनं बसायची, एकाला उभं केलं की बाकीचे हसायचे, आणि वाक्याला अर्थ असायचा. वर्ग ओस पडत गेले, यात आपला दोष नाही. ते पाहून पेपर बदलला नाही, एवढाच आहे.

म्हणून आपले श्रम वाचावेत या हेतूनं एका शासन निर्णयाचा मसुदा सोबत जोडला आहे:

१. ज्या वर्गाचा पट एक आहे, त्या वर्गास टॉलेस्ट, शॉर्टेस्ट, बेस्ट इत्यादींपासून सूट देण्यात येत आहे.

२. 'नो अदर बॉय इन द क्लास' हे उत्तर हजेरीपटाशी ताडून पाहून पूर्ण गुणांस पात्र धरावे. सोबत केंद्रप्रमुखांचा दाखला जोडावा.

३. पट दोन असल्यास कम्पॅरेटिव्हच्या पुढे जाऊ नये. वाद झाल्यास मुख्याध्यापकांनी दोघांना भिंतीशी उभे करून पट्टीने मोजावे.

४. सुपरलेटिव्ह शिकवणे अटळ असल्यास ती डोंगरांवर शिकवावी: रतनगड हाय, हरिश्चंद्रगड हायर, कळसूबाई हायेस्ट. तिन्ही एकाच तालुक्यात असून पट कमी असल्याच्या कारणावरून त्यांचे समायोजन करता येणार नाही.

कळावे, लोभ असावा.