आधी पाया, मग कळस

लीग काढायची तर आधी लिलाव, फटाके आणि सिनेतारका, ही आपली रीत. अमेरिकेत ‘लीग वन व्हॉलीबॉल’वाल्यांनी भलतंच केलं. 2020 पासून आधी मुलींचे क्लब जमवले आणि बायकांची व्यावसायिक लीग उतरवली थेट जानेवारी 2025 मध्ये, सहा संघांची. पाया भक्कम खरा, पण तो घातला कोणी? क्लबची फी, गुडघ्यांचे पॅड, परगावच्या स्पर्धांची हॉटेलं, सगळं आईबापांच्या खिशातून! नेब्रास्कात 2023 साली कॉलेजच्या मुलींच्या सामन्याला 92,003 माणसं लोटली. तरी चार पैसे मिळवायला चांगल्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं इटली-तुर्कस्तानच गाठलं. हसू नका मात्र. आपली प्राइम व्हॉलीबॉल लीग 2022 मध्ये सुरू झाली, ती पुरुषांची.