गायक : अननोन आर्टिस्ट

केळापूर तालुक्यात सगळ्यात जास्त ऐकला जाणारा गायक कोण, हे शोधायला सर्वेक्षणाची गरज नाही. पांढरकवड्याच्या बसस्टँडबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही ऑटोत डोकवा आणि टेपच्या निळ्या पट्टीवर सरकणारं नाव वाचा. अननोन आर्टिस्ट. पाटणबोरीच्या ढाब्यावर तोच, जिनिंगच्या रांगेत कापसाच्या गाडीवर रात्र काढणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तोच, आणि नवरात्रात जगदंबेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्रत्येक भोंग्यातही तोच.

काय गळा आहे हो! सकाळी भूपाळी, दुपारी लावणी, रात्री खंजिरीवरचं भजन. पैनगंगेपलीकडून आदिलाबादचा पाहुणा आला, तर त्याच्यासाठी तेलुगूसुद्धा. पुरुषाच्या आवाजात गातो, बाईच्या आवाजात गातो, युगुलगीत असलं तर रुसतोही स्वतः आणि समजूतही स्वतःच काढतो. कव्वाली असली की टाळ्याही तोच वाजवतो. एवढं करून मानधन शून्य. आजवर त्यानं आयोजकांना गाडी मागितली नाही, हॉटेल मागितलं नाही, ध्वनिव्यवस्था भिकार आहे म्हणून रुसून बसला नाही.

अशा कलावंताचा तालुक्यातर्फे सत्कार व्हायलाच पाहिजे. फ्लेक्सचा आराखडा माझ्याकडे तयार आहे. वरच्या पट्टीत मार्गदर्शक, डावी-उजवीकडे शुभेच्छुक, खाली मित्रमंडळ. प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि कानाला मोबाइल. मधोमध सत्कारमूर्ती, म्हणजे करड्या चौकोनातली ती करडी सुराची खूण, जी फोटो नसलेल्या प्रत्येक गाण्यावर दिसते. शाल कुठे पांघरायची एवढाच प्रश्न आहे. पण आपल्याकडे सत्कारमूर्ती न येताही सत्कार झालेले आहेत. अध्यक्षांचं भाषण झालं की कार्यक्रम झाला.

या महान गायकाशी माझी खरी ओळख करून दिली ती एका सेवानिवृत्त गुरुजींच्या ट्रंकेनं. ट्रंकेत तबकड्या, तबकड्यांवर वर्तमानपत्राचे कपटे, आणि कोपऱ्यात पिनांची पत्र्याची डबी. यातली गाणी आता फोनमध्ये असावीत, पण पैसे देऊन, पावती घेऊन, रीतसर, असा गुरुजींचा हट्ट. 'गाणी भरून मिळतील' हा बोर्ड वाचून ते मोबाइलच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "जुनी नाट्यगीतं विकत पाहिजेत." दुकानातल्या पोराला वाटलं, काका गंमत करून राहिले. "विकत? गाने फुकटच असते काका. भराई तेवढी पन्नास रुपये." गुरुजींनी पावती मागितली. पोरानंही मोठ्या मनानं लिहून दिली : गाने, १ जीबी. कापूस क्विंटलवर जातो तशी गाणी जीबीवर जातात हे गुरुजींना तेव्हा कळलं. फक्त कापसाला ग्रेडर निदान हात लावून तरी बघतो.

मग नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातीनं त्यांना फोनवर 'खरेदी करा' असं हिरवं बटण दाखवलं. बटण दाबण्याआधी अटी वाचणारा देशातला बहुधा एकमेव माणूस म्हणजे हे गुरुजी. जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेला. त्यांनी सगळ्या अटी वाचल्या, दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले, आणि चष्मा काढून ठेवला. गाणं विकत मिळतच नव्हतं. ऐकण्याचा परवाना मिळत होता. तो कधीही काढून घेता येतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि धनी गेला की त्याच्यासोबत सती जातो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला, की असा परवाना 'खरेदी' म्हणून विकायचा असेल तर गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा, बाबा रे, तू मालक होत नाहीयेस. आपल्याकडे तेवढंही सांगत नाहीत. गुरुजींच्या वडिलांनी कापूस विकून तबकड्या घेतल्या, वडील गेल्यावर त्या गुरुजींकडे आल्या. परवाना संपला म्हणून ट्रंक उघडायला अजून कोणी आलेलं नाही.

तेव्हा ठरलं, की ट्रंकेतलीच गाणी फायलीत उतरवायची. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापराला मोकळीक आहे, हे गुरुजींनी आधी पाहून घेतलं. ब्रिटनमध्ये अशी मोकळीक ऑक्टोबर २०१४ मध्ये दिली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयानं रद्द केली. म्हणजे तिथला साहेब स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या फोनमध्ये उतरवतो, तेव्हा कायदा मोडत असतो. या बाबतीत केळापूर लंडनच्या पुढे आहे, याची नोंद पर्यटन खात्यानं घ्यावी.

दुकानात यूएसबीवाला प्लेअर आला होता. त्याला ३३ चा खटका होता, ४५ चा होता, ७८ चा नव्हता. पोरानं ७८ ची तबकडी ४५ वर लावली. साडेतीन मिनिटांचं गाणं सहा मिनिटांवर गेलं आणि गाणाऱ्या बाईंचे बुवा झाले. "गानं जवळपास डबल झालं काका, पैसे तेवढेच," पोरगं म्हणालं. वर एलपीची बारीक सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत गेली, म्हणून खरखर आली. खरखर आली म्हणून त्यानं खरखर काढायचं बटण दाबलं. बटणानं खरखरीबरोबर सारंगीही काढली. हे सगळं मी माफ करतो. पोराचं वय लहान, यंत्र स्वस्त, तबकडी म्हातारी. पुढचं मात्र माफ होत नाही.

ट्रंकेत एक शंभरी उलटलेली तबकडी आहे. तिच्यात गाणं संपलं की गाणारी बाई चक्क इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगते. ही त्या काळाची रीत होती. १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा मेणावर कोरलेलं गाणं बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तबकड्या तिथं छापल्या जायच्या. तिथल्या कारागिराला ना राग कळे ना भाषा. कोणत्या तबकडीवर कोणाचं नाव चिकटवायचं हे त्याला कळावं, म्हणून गायिका शेवटी स्वतःच सांगून मोकळी व्हायची. समोर माइकसुद्धा नाही, एक भलामोठा कर्णा. त्यात तोंड घालून गायचं आणि श्वास उरलाच तर नाव सांगायचं. कोठीवरच्या, उंबऱ्याबाहेरच्या म्हणून ज्यांना समाज नावानं हाक मारत नव्हता, त्या बायांनी सातासमुद्रापलीकडं आपलं नाव पोचवलं. आणि आमच्या फायलीत? गाणं संपतं आणि शांतता. गुरुजींनी विचारलं, शेवटचं कुठं गेलं? पोरगं म्हणालं, "शेवटी कोनीतरी चिल्लावून रायलं होतं, ते कापून टाकलं. एकदम क्लीन केलं." मग गायकाच्या रकान्यात नाव काहून नाही टाकलं? "नावाचे वेगळे लागते काका. एका गाण्याले दहा रुपये."

दहा रुपये! आणि हे नाव ठेवायला जागा किती लागते ते ऐका. एमपीथ्री फायलीला नावाची चिठ्ठी जोडायची सोय १९९६ मध्ये झाली. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट. त्यात गाण्याला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०. म्हणजे शंभरेक वर्षांत तंत्रज्ञानानं नावाची जागासुद्धा बदलली नव्हती. तेव्हाही नाव शेवटी, १९९६ मध्येही शेवटीच. पुढं जास्त जागा देणारी चिठ्ठीही आली, देवनागरीही लिहिता येऊ लागली. एक जीबीत अशा चिठ्ठ्या लाखोंनी मावतील. त्याच फोनमध्ये 'सुप्रभात'चे हजार गुलाब मावतात, लग्नाच्या हळदीचे व्हिडिओ मावतात, ज्या गटातून आपण भांडून बाहेर पडलो त्या गटातली सगळी भांडणं मावतात. मावत नाहीत ती फक्त एका बाईच्या नावाची तीस अक्षरं. जुन्या तबकडीच्या मधल्या गोल कागदावर नाव असायचंच, नावाला चिकटून गाव असायचं, कोणाला 'संगीतरत्न', कोणाला 'प्रोफेसर', आणि घरंदाज बाई असली तर लोकांचा गैरसमज नको म्हणून पुढं 'हौशी'. ती तबकडी बनायची लाखेची. लाख करणारा किडा आपल्याकडच्या पळसावर राहतो, कुसुंबावर राहतो, बोरीवर राहतो. त्या किड्याला केरिया लॅका असं आडनावासकट नाव आहे आणि ते जगभरच्या पुस्तकांत छापलेलं आहे. किडा ओळखीचा, गायिका अननोन!

तरी मी शांत होतो. नागपूरच्या कोणा जाणकाराकडून तीच तबकडी बरोब्बर गतीनं उतरवून आणली, नातीनं बाईंचं नाव, गाव, सगळं लिहून ती इंटरनेटवर चढवली, तोवरही शांत होतो. चहा निवायच्या आत यंत्राचा निरोप आला : हे गाणं एका कंपनीच्या मालकीचं आहे, सबब आवाज बंद करण्यात आला आहे. बघा, म्हणजे ज्या यंत्राला गाणारी कोण हे इतकी वर्षं सापडत नव्हतं, त्याला मालक कोण हे चहाच्या एका कपात सापडलं. आणि मालकी कसली? ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्कसुद्धा २०२० च्या ३१ डिसेंबरला संपला. ही तर त्याच्या कितीतरी आधीची, आणि बंदिश पिढ्यान्‌पिढ्यांची. कोणीतरी नंतर कधी तीच बंदिश गायली असेल, ती कोणीतरी आपल्या खात्यावर चढवली असेल, आणि यंत्राला दोन्हींत सारखेपणा दिसला असेल. उद्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, ढोलावरही यंत्र हक्क सांगेल, कारण कुठल्यातरी आयटम साँगमध्ये तसाच ठेका वाजलेला असतो.

बरं, कायदा काय म्हणतो? कलम ५२ अ. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं तर त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर ज्यानं मुद्रित केलं त्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता आणि प्रसिद्धीचं वर्ष छापलं पाहिजे. संपली यादी. गाणाऱ्याचं नाव त्यात नाहीच. २०१२ मध्ये कोणाला तरी लाज वाटली आणि कलाकाराला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. त्यालाही शेपूट असं, की वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. पोरगं म्हणतं तेच कायदा म्हणतो, नावाचे वेगळे लागतात. आमच्या तालुक्याला ही विभागणी नवीन नाही. नाव केळापूरचं, कचेरी पांढरकवड्यात. पण सरकारनंसुद्धा निदान नाव केळापूरचं ठेवलं हो, 'अननोन तालुका' असा बोर्ड नाही लावला.

आणि ज्याच्यावर खरंच कोणीतरी हक्क सांगावा, आवाज बंद करावा, जमलं तर गाडीसकट जप्त करावा, तो वरातीचा डीजे? त्याला कायद्यानं सूट आहे! धार्मिक विधीत वाजवलेलं गाणं हे हक्काचं उल्लंघन नाही, आणि लग्नाची वरात त्या विधीतच धरली आहे, असं ५२व्या कलमात स्पष्टीकरण देऊन लिहिलं आहे. त्यामुळे रात्री माझ्या खिडकीच्या काचा आणि शेजारच्या आजींचं काळीज हलवून जाणारा तो ट्रक कॉपीराइटच्या बाबतीत संपूर्ण कायदेशीर आहे, धार्मिक आहे, आणि त्यावर गाणाराही आपला अननोन आर्टिस्टच आहे. पोलीस स्टेशनला फोन केला तर तिकडून विचारतात, तक्रारदाराचं नाव काय. तिथं मात्र नाव लागतं.

गुरुजींनी हार मानली नाही. आक्षेप नोंदवायला त्यांनी मालकाचा पत्ता शोधला, कारण कलम ५२ अ नुसार तो असायलाच हवा. फायलीवर नव्हता, वेष्टन तर नव्हतंच. नातीनं सांगितलं, आजोबा, आक्षेपाचा फॉर्म असतो, ऑनलाइन. फॉर्म उघडला. पहिलाच रकाना, समोर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही : कलाकाराचे नाव. गुरुजींनी चष्मा लावला आणि शुद्ध देवनागरीत बाईंचं नाव लिहिलं, खाली गाव लिहिलं. फॉर्म म्हणाला, या नावाचा कलाकार आमच्याकडे नाही, कृपया यादीतून निवडा. यादी उघडली. गुरुजी चाळायला बसले, 'अ'पासून, एकही नाव न गाळता, हजेरी घेतात तसे. 'क'पर्यंत आले, तेव्हा पानानं कळवलं की दिलेली वेळ संपली आहे, पुन्हा लॉगिन करा.