काल्हेरचा घाट

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान मुक्कामाला पोचावं, असा एक संकेत आहे. मी तो मोडतो आहे. काल्हेरहून इगतपुरी शंभरेक किलोमीटर. त्यातलं सव्वा किलोमीटर आम्ही पार केलं. तेवढ्याला चार तास लागले, त्यामुळे तपशिलाला तोटा नाही.

आधी माझ्याविषयी. मी बँकर होतो. हे वाक्य मी लग्नकार्यात बोललो की माझी बायको शेजारून, आवाज न चढवता, ‘कॅशियर होते’ एवढंच म्हणते. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण ‘कळत नाही’ असं म्हणणंही जमत नाही. कुणी बोनेट उघडलं की मी जवळ जातो, कमरेवर हात ठेवतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’वर मी चाळीस वर्षं काढली. त्या दिवशी तो उपयोगी पडला नाही.

काल्हेरला माझ्या साडूंचा मंडप, लाइट आणि जनरेटरचा धंदा आहे. त्यांच्या पुतणीचं लग्न इगतपुरीला निघालं. आदल्या दिवशी हळद. तिकडची वीज कधीही दगा देईल म्हणून साडूंनी साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर आहेर म्हणून पाठवायचं ठरवलं. दोन चाकांच्या ट्रॉलीवरचं ते दीड टनाचं धूड पिकअपच्या हुकाला लावून न्यायचं. न्यायचं कुणी? साडूंच्या मुलाने, म्हणजे मंग्याने. सोबत वडीलधारं माणूस म्हणून मी.

“तुम्ही गाडीने जा,” बायको म्हणाली. “मी ट्रेनने जाते. आपल्यापैकी एकाने तरी हळदीला पोचायला हवं.”

तेव्हा मला तो टोमणा वाटला होता.

मंग्या मेकॅनिकल डिप्लोमावाला. त्याची पिकअप टर्बो डिझेलची. महिन्यापूर्वी हाच जनरेटर ओढत तो कसारा घाट चढत होता, तेव्हा गाडीने लोड घेणं सोडलं, काळा धूर ओकला, काटा तांबड्यात गेला आणि कांदा उतरवून परत निघालेल्या एका ट्रकने त्याला हॉर्न वाजवत मागे टाकलं. ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून हात हलवला म्हणे. धूर एक वेळ मंग्या विसरला असता, पण तो हात त्याच्या मनातून जाईना. महिनाभर खपून त्याने गाडीला ‘वॉटर-मिथेनॉल’ बसवलं.

“म्हणजे काय रे?” हा प्रश्न मी विचारायला नको होता.

“काका, टर्बो काय करतो? हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसं. तापलेली हवा विरळ. विरळ हवेत प्राणवायू कमी. मग डिझेल नीट जळत नाही, धूर येतो, इंजिनाबाहेर पडणारा वायू सातशे अंशांच्या पुढे जातो आणि पिस्टन वितळायची वेळ येते. म्हणून हवेच्या वाटेवर पाण्याचा फवारा मारायचा. पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात.”

“हं,” मी म्हणालो. “माठासारखं.”

मंग्या थबकला. मीही थबकलो, कारण बरोबर उत्तर द्यायची मला सवय नाही. पण ते खरंच होतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. मंग्याने इंजिनाला माठ बसवला होता.

“आणि मिथेनॉल कशाला?”

“ते पाण्याच्या निम्मीच उष्णता घेतं, पण आत जाऊन स्वतः जळतं. ताकद वाढते. महायुद्धात जर्मनांच्या मेसरश्मिट विमानांना निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी द्यायचे. एका वेळी जेमतेम दहा मिनिटं. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलची जेटफायर नावाची टर्बो मोटारच या मिश्रणाची टाकी घेऊन बाजारात आली. मालक टाकी भरायलाच विसरायचे. आणि आपली ॲव्हरो विमानं काका, कानपूरला एचएएलने बांधलेली. त्यांच्या डार्ट इंजिनांना उन्हाळ्यात उड्डाणापुरतं हेच पाजायचे.”

ॲव्हरो म्हटल्यावर माझे कान टवकारले. ऐंशीच्या दशकात एलटीसीवर मी एकदा ॲव्हरोत बसलो होतो. विमान धावपट्टीवर थरथरत होतं, मी बायकोचा हात घट्ट धरला होता आणि हवाईसुंदरीने दिलेली लिमलेटची गोळी आख्खी गिळली होती. बाहेर इंजिनाला थंडावा द्यायची सोय होती आणि आत मला कुणी विचारलं नाही, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

“पण हे कायद्यात बसतं का?” बँकेतल्या माणसाला हे सुचतंच. “मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार चालत नाहीत.”

“काका, घाट चढेपर्यंत कलम बाजूला ठेवू.”

“मग घाट तरी कशाला? समृद्धीने जाऊ. शेवटचा टप्पा ५ जून २०२५पासून सुरू आहे, आमण्याला इथेच आपल्या भिवंडी तालुक्यात चढायचं. कसाऱ्याच्या डोंगरातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट चढायलाच नको.”

मंग्याने माझ्याकडे, वारीला निघालेल्याला रिक्षाने या म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. “मग किट कशाला बसवलं?”

यावर ‘हं’सुद्धा निघेना.

दुपारी एकला निघालो. मे महिना. काल्हेरची प्रेक्षणीय स्थळं सांगायची तर मागे कशेळीची खाडी, पुढे पूर्णा, डोक्यावर मेट्रो पाचचे खांब, दोन्ही बाजूंना गोदामं. तुम्ही मोबाइलवर जे काही मागवता ते बहुधा यांतल्याच एखाद्या गोदामात तुमची वाट बघत पडलेलं असतं. जवळच अंजूर. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना मदत करणाऱ्या गंगाजी नाइकांचं गाव. मराठ्यांनी १७३९मध्ये वसई घेतली. ते या बाजूने निघाले असतील तर तेव्हा इथे चाळीस फुटी कंटेनर नव्हते, एवढं नक्की.

बेत असा होता की अंजूरफाट्यावरून माणकोलीला जायचं, तिथे नाशिक हायवे धरायचा. अडचण फक्त अंजूरफाट्यापर्यंत जाण्याची होती. एक कंटेनर गोदामाच्या फाटकात शिरायला आडवा झाला होता. त्याला वाट द्यायला दुसरा मागे सरकत होता. तिसऱ्याचा ड्रायव्हर खाली उतरून दोघांना शिकवत होता.

डॅशबोर्डवर मंग्याने एक वेगळा काटा बसवला होता. “हे बूस्ट. दहा पीएसआयच्या वर गेलं की पंप आपोआप सुरू.”

“माझं दीडशेच्या वर गेलं की तुझी मावशी आपोआप सुरू होते.”

काटा शून्यावर झोपला होता. टर्बोला जोर यायला इंजिनावर लोड यावं लागतं, त्यासाठी गाडी चालावी लागते. आम्ही दर पाच मिनिटांनी बैलगाडीइतके पुढे जायचो. कसाऱ्यासाठी केलेली सगळी तयारी काल्हेरच्या सपाट रस्त्यावर निरुपयोगी होती. ताकद वाढवायचे शंभर उपाय माणसाने शोधले, त्यातला एकही रस्ता रुंद करत नाही. डिझेल वाचवायला मंग्याने इंजिन बंद केलं. एसी गेला. केबिनची भट्टी झाली.

मला तहान लागली. घरून आणलेली बाटली पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच संपली होती. सीटखाली हात घातला तर पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या लागल्या, चांगल्या चारपाच. एक काढली, झाकण फिरवलं, तोंडाजवळ नेली.

मंग्याने माझ्या मनगटावर असा तडाखा दिला की बाटली खिडकीवर आपटून पायात पडली.

“अरे, काय...” मी ओरडणार होतो. पण त्याचा चेहरा पाहून शब्द राहिले. ओठ पांढरे पडले होते.

“काका, ते पाणी नाही.”

वाटेत भरायला आणलेलं मिथेनॉल होतं. कुठल्याशा रंगाच्या कारखान्यातून, ओळखीवर. बाळगायला परवाना लागतो, तो अर्थात नव्हता. बाटल्यांवर कसली खूणही नव्हती. स्वच्छ, पाण्यासारखं.

जून २०१५मध्ये मी मालाडच्या शाखेत होतो. तिथल्याच मालवणी भागात दारू पिऊन शंभरावर माणसं गेली त्या वेळी. त्या दारूत हेच होतं. शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी डोळे जातात, मग माणूस. पुढचे काही महिने बायका काउंटरवर यायच्या, हातात मृत्यूचा दाखला, नवऱ्याचं पासबुक. एकीच्या पासबुकात तीनशे दहा रुपये होते. ती म्हणाली, “साहेब, खातं बंद करू नका, नाव राहू द्या.” तसा नियम नव्हता. मी नियम सांगितला. अजून वाटतं, नियम जरा उशिरा सांगता आला असता.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले. मंग्याने खिशातून मार्कर काढला आणि एकेका बाटलीवर चारी बाजूंनी ‘विष’ लिहायला लागला. त्याचा हात इतका थरथरत होता की पहिल्या बाटलीवर ते ‘विषय’ झालं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी याला मी स्कूटरवर पुढे उभा करून फिरवायचो.

शेजारच्या गोदामाचा वॉचमन हे सगळं बघत असावा. तो काही न विचारता तांब्या घेऊन आला. फाटकाजवळ त्याचा माठ होता, ओलं फडकं गुंडाळलेला, तिवईवर ठेवलेला. मी दोन तांबे प्यायलो, मंग्या तीन. ५४० कॅलरीचा तो सगळा हिशेब माठ बिनपंपाचा, बिनकाट्याचा चोख करत होता. पैसे देऊ केले तर वॉचमनने हात मागे घेतला.

तेवढ्यात पुढचा कंटेनर हलला. मंग्या धावत चढला, सेल मारला.

ठक्.

पुन्हा मारला. ठक्. इंजिन फिरेचना. मागच्या हॉर्नांचा सूर वरच्या पट्टीत गेला. मी खाली उतरलो, बोनेटजवळ गेलो, कमरेवर हात ठेवले आणि मला ‘हं’ म्हणवेना.

गल्लीतून एक मेस्त्री आला. बोनेटमध्ये डोकावला, हवेच्या पाइपात बोट घातलं, बोटाकडे पाहिलं, मग वर आकाशाकडे पाहिलं. आकाश कोरडं ठणठणीत.

“कंचे पुरान व्हती रं गारी?” त्याने मंग्याला विचारलं.

इंजिनात पाणी गेलं होतं. मंग्याने मिश्रणाची टाकी हौद्यात उंचावर बसवली होती आणि फवाऱ्याचं तोंड खाली इंजिनाशी. मधली झडप कचऱ्याने नीट मिटली नव्हती. आम्ही पाऊण तास इंजिन बंद करून बसलो तेव्हा बूस्ट नाही, पंप नाही, घाट नाही, तरी पाणी आपलं उतारावरून हळूहळू सिलिंडरमध्ये उतरत राहिलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि पाण्यावर आपटला. मेस्त्रीने हीटर प्लग काढले, सेल मारायला सांगितला, आणि काल्हेरच्या भर रस्त्यात इंजिनातून कारंजं उडालं. लग्नासाठी इस्त्री केलेल्या माझ्या सदऱ्यावर ते मावलं.

“रॉड वाकला असंल. हेड खोलल्याबिगर चालू करू नको,” असं सांगून त्याने पिकअपचा निकाल लावला.

गोदामातली एक हायड्रा क्रेन आली. पिकअपला टोचन लावलं आणि दुसऱ्याला ओढायला निघालेली ती गाडी मान खाली घालून ओढली गेली. राहिली ट्रॉली. ती मोकळी करून हातांनी ढकलत गल्लीत न्यायची ठरली. मंग्याने पुढून दांडा धरला. मेस्त्री, वॉचमन, दोन हमाल बाजूंना. मागे मी.

पोटापासून जोर लावला होता तोच खिशात फोन वाजला. खांद्यात धरला.

“अहो, कसारा आलं,” बायको म्हणाली. “गाडी थांबलीय.”

कसाऱ्याला गाडी थांबते कारण पुढे लोहमार्गावरच्या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. १८६५ साली तो मार्ग सुरू झाला तेव्हापासून तो चढ तिथेच आहे. रेल्वेने त्यावर फवारा मारला नाही, मिश्रण पाजलं नाही. एकट्याने होत नसेल तर आणखी इंजिनं मागे लावायची आणि ढकलायचं. त्या इंजिनांना म्हणतात बँकर. इगतपुरी आलं की ती सुटी होतात, पुढचं श्रेय त्यांना मिळत नाही.

“मागून बँकर लावताहेत,” ती म्हणाली. “तुम्ही कुठे आहात? कसला घुरघुरल्यासारखा आवाज येतोय?”

“काल्हेरलाच. मीही मागून लागलोय.”

ती थोडा वेळ गप्प होती. तेवढ्यात मी काय ते सांगितलं, बाटलीचं सोडून. बाटलीचं तिला आजही माहीत नाही; हे लिहिलेलं वाचेल तेव्हा कळेल.

“चला,” ती म्हणाली. “आता लग्नात खुशाल सांगा बँकर होतो म्हणून. मी काही बोलणार नाही.”

रात्री तिने हळदीचे फोटो पाठवले. लखलखाट होता. इगतपुरीत वीज गेलीच नाही.