दिवाळी, शुक्रवारी अकरा ते साडेबारा

ऑक्टोबर उजाडला की विशेष मुलांच्या शाळांतले फोन खणखणू लागतात. ‘यंदा आम्हाला तुमच्या मुलांबरोबर दिवाळी साजरी करायची आहे.’ कधी? ‘शुक्रवारी, अकरा ते साडेबारा.’ मुलांच्या जेवणाची वेळ बाराची. पण मुलांना विचारतंय कोण?

पाहुणे येतात ते कंपनीचे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून. तीस-चाळीस जण. वर्गात मुलं दहा.

सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, सांगितलं की सर्वसाधारण शाळांत प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की बाबांनो, आधी पदं तरी मंजूर करून जाहीर करा. दहा मुलांमागे एक शिक्षक मिळेना. दहा मुलांमागे चाळीस पाहुणे मात्र मिळतात.

दीड तास.

मग निघतात पणत्या. पणती रंगवणं हा खरं तर अस्सल धडा आहे. वर्गातल्या ताई त्या एका कामाचे बारीक बारीक तुकडे करतात. पणती भिजवायची, वाळवायची, घासायची, एकच रंग घ्यायचा, कड सोडायची, टिकली चिकटवायची. ब्रश धरवत नसेल तर दांड्याला स्पंज गुंडाळायचा. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा शेवटची पायरी सगळ्यात आधी शिकवतात. बाकीचं ताई करतात, टिकली मूल लावतं आणि ‘झालं!’ म्हणायचा मान त्याचा. मग एकेक पायरी मागे सरकत संपूर्ण पणती त्याच्या हातात येते. यात आठवडे जातात.

पाहुण्यांकडे आठवडे नसतात. म्हणून पद्धत उलटी. पहिला फटकारा मुलाचा, उरलेली पणती टी-शर्टवाल्या काकूंची, फोटो दोघांचा. खाली ओळ: ‘या निरागस हातांची किमया!’

कुठल्या हातांची?

मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत तर त्याहून पाहण्यासारखं काम चालतं. पाच पणत्यांचा डबा भरायचा. पाचपर्यंत मोजता न येणारा मुलगाही तो बिनचूक भरतो, कारण ताईंनी त्याला पाच खणांचा ट्रे करून दिलाय. खण भरले, डबा बंद. उटण्याची पुडीही तशीच. वजनाच्या काट्याखाली लाल खूण. काटा खुणेवर आला की थांबायचं. या कामाकडे पाहुण्यांचं लक्ष जात नाही. त्यात चमकी नसते.

डबा भरणाऱ्या त्या कामगाराचं वय बावीस. मिसरूड फुटून जमाना लोटला. त्याच्यासाठी पाहुण्यांनी आणलेली भेट काय? रंगखडूंची पेटी, कार्टूनचं चित्र असलेला डबा आणि एक फुगा. आपल्या बावीस वर्षांच्या भाच्याला यंदा पाडव्याला फुगा देऊन बघा. पुढच्या भाऊबीजेला तुमच्या दारात येतो का तेही बघा.

आता या पणत्या-उटणं विकायचा कंपनीतला स्टॉल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. वाटून घ्या! खासगी कंपन्यांवर सक्ती नाहीच. त्यांच्याकडे निदान 5 टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारनं त्यांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच. प्रोत्साहन मिळो न मिळो, कंपनी दिवाळीत लॉबीमध्ये एक टेबल मात्र देते. दोन दिवस.

वरच्या मजल्यावरची खुर्ची मागू नका.

फटाक्यांबद्दल तर बोलायचीच सोय नाही. नियम सांगतो, आवाज फुटल्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबलच्या आत हवा. स्वमग्न मुलाचा कान मीटर मोजत बसत नाही. म्हणून ताई आधीपासून मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावतात, रोज किंचित वाढवतात. कानाला हेडफोन असतो, भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक: अंघोळ, फराळ, आवाज, मग शांत खोली. मुलाची तयारी होते. खालच्या मजल्यावरच्या काकांची तयारी कोण करणार? त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘अहो, सण वर्षातून एकदाच येतो.’

एकदाच येतो, पण चार दिवस राहतो ना, काका!

पुढे सुट्टी लागते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली ताई, सगळं एका दिवशी गायब. मोठ्या कष्टानं बसवलेली घडी घरी विस्कटते, आणि शाळा उघडली की पुन्हा जेवणाचा डबा उघडण्यापासून सुरुवात. सुट्टी शाळेला असते. आईला कुठली सुट्टी? तिच्या मदतीला दोन तास यावं असं अजून कुठल्याही टी-शर्टला सुचलेलं नाही. पुढचा फोन येतो तो थेट 3 डिसेंबरचा, जागतिक दिव्यांग दिनाचा. त्यानंतर नाताळचा सांताक्लॉज. मग मार्चमध्ये कंपनीच्या समाजकार्याच्या हिशेबाला फोटो कमी पडले तर.

जाता जाता पाहुणे पणत्या विकत घेतात, तेही नीट नाही. पाच पणत्यांचा डबा ऐंशी रुपयांना. साहेब शंभराची नोट देतात आणि उदार हसतात, ‘राहू दे रे, ठेव तुला.’ मुलगा गोंधळून ताईंकडे बघतो. शंभर घ्यायचे, वीस मोजून परत द्यायचे, हे तो जूनपासून शिकतोय. खोट्या नोटांवर, खोट्या दुकानात. आज पहिल्यांदा खरं गिऱ्हाईक समोर उभं आहे, दहाच्या दोन नोटा त्याच्या हातात तयार आहेत, आणि गिऱ्हाईक फोटो काढून निघालंय.

अहो साहेब, थांबा. तुमचे वीस रुपये घ्या.