हरकत

विधानसभेच्या 2024 च्या निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि पुण्यातली सभागृहं मिळेनाशी झाली. तरुणाई, संवाद आणि महाराष्ट्र हे तीन शब्द कुठल्याही क्रमाने लावले की कार्यक्रमाचं नाव तयार होत होतं. व्यासपीठावर पाच-सहा पक्षांचे युवा प्रवक्ते, मधे एक निवेदिका. समोर कॉलेजची मुलं, बहुतेक हजेरीच्या धाकाने आणलेली. मागच्या रांगांत कार्यकर्ते, आपापल्या माणसाला टाळी द्यायला बसवलेले. आणि भिंतीकडेच्या खुर्चीत, सॅक मांडीवर घेऊन, एक माणूस हमखास असतो जो यातल्या कोणाचाच नसतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. पण व्यासपीठावरचं प्रत्येक वाक्य सभागृहात फक्त तोच ऐकत असतो.

हा स्पर्धा परीक्षावाला. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात कॉट बेसिसवर झोपतो आणि अभ्यासिकेत जगतो. गाव परभणीकडचं किंवा बीडकडचं, क्वचित जत-आटपाडीकडचं. मित्र त्याला 'साहेब' म्हणतात, तो सगळ्यांना 'सर' म्हणतो. चहावाला सर, झेरॉक्सवाला सर, शेजारी येऊन बसलेला मीही सर.

अशा कार्यक्रमांना येण्याचं त्याचं जाहीर कारण चालू घडामोडी. खरं कारण असं की रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते आणि युवा संवाद बहुतेक रविवारी संध्याकाळीच असतात. दाराशी पुठ्ठ्याची छोटी पेटी मिळते: एक समोसा, थोडे वेफर्स, एक बर्फी. मी शेजारी बसलो त्या रविवारी मात्र पेटी घेण्याआधी त्याने आयोजकांना विचारून घेतलं, की तुमच्यापैकी कोणी उमेदवार किंवा उमेदवाराचा प्रतिनिधी नाही ना? नाही म्हटल्यावर समोसा उचलला. "नाहीतर खर्चात धरावा लागतो सर. विधानसभेला चाळीस लाखांची मर्यादा आहे. चहा, वडापावचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात." इतक्या कायदेशीर तपासणीतून गेलेला समोसा मी दुसरा पाहिलेला नाही.

चर्चा सुरू झाली. पहिल्या युवा वक्त्याने बोलता बोलता आपली मुलगी यंदा दहावीला असल्याचं सांगितलं. शेजारून हळूच आवाज आला, "राष्ट्रीय युवा धोरण 2014. पंधरा ते एकोणतीस." म्हणजे त्या हिशेबाने वक्ता युवा नव्हता, आणि खालच्या आवाजात सांगायचं तर आमचे साहेबही नव्हते. पण त्यांचा आधार वेगळा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची खुल्या गटाची वयोमर्यादा अडतीस आहे, तोवर माणूस तरुणच.

त्याची एक सवय आधी सांगायला हवी. पूर्वपरीक्षा झाली की आयोग उत्तरतालिका जाहीर करतो, मग उमेदवारांनी पुराव्यासह हरकती पाठवायच्या, मग सुधारित तालिका येते. काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. हे इतकी वर्षं केल्यावर जगात जे काही बोललं जातं ते पहिली उत्तरतालिका आहे आणि त्यावर हरकत घेणं हे आपलं काम आहे, अशी त्याची धारणा झालेली असते. वक्ता म्हणाला, मतदानाचं वय अठरा झालं ते 1985 साली. साहेबांच्या वहीत फुली पडली. "एकसष्टावी घटनादुरुस्ती सर. 1988 ची, लागू मार्च 1989." दुसरा म्हणाला, आमची सत्ता आली तर प्रत्येक जिल्ह्याला दोन मंत्री देऊ. यावर त्याने वहीतच गणित मांडलं. मंत्रिमंडळाची मर्यादा दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांच्या पंधरा टक्के, मुख्यमंत्री धरून त्रेचाळीस. जिल्हे छत्तीस, दुणे बाहत्तर. "एकोणतीस जास्त व्हायलेत," तो दुःखाने म्हणाला. सभागृहात तोवर टाळ्या संपून शिट्ट्या चालू होत्या.

व्यासपीठावर एकूण काय चाललं होतं ते थोडक्यात सांगता येईल. प्रकल्प गुजरातला गेले, नाही गेले, तुमच्यामुळे गेले. बहिणींना आम्ही पंधराशे देतो, एकवीसशे देऊ. आम्ही तीन हजार देऊ. 'गद्दार' हा शब्द दर तीन मिनिटांनी येत होता आणि आला की कोणत्या तरी रांगेतून ठरलेली टाळी पडत होती. एका निवेदिकेच्या जिवावर यापेक्षा जास्त अपेक्षा करणं चूकच.

मग बेरोजगारी निघाली आणि सगळे वक्ते गहिवरले. डोळ्यांसमोर चार-पाच वर्षं अभ्यासिकेत काढणारा, आईबापांचं शेत गहाण टाकून आलेला तरुण उभा करण्यात आला. त्या तरुणाच्या शेजारी मी बसलो होतो. तो आकडे तपासत होता. तुमच्याचबद्दल चाललंय, असं मी म्हटल्यावर त्याला चक्क राग आला. "मी बेरोजगार नाही सर. उमेदवार आहे." ऑगस्टमध्ये आयोगाची परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा शास्त्री रोडवर बसलेल्या पोरांत तो होता. पुढारी आले, फोटो काढून गेले. पंचवीस ऑगस्टची परीक्षा एक डिसेंबरवर गेली. त्या आंदोलनाबद्दल त्याची तक्रार एकच, की घोषणा देताना कोणीतरी आयोगाचं कलम चुकीचं सांगत होतं. तीनशे पंधरा म्हणायला हवं होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि त्याचा हात छतापर्यंत गेला. "थोडक्यात विचारा," निवेदिका म्हणाली. त्याने थोडक्यातच विचारलं. "एका सरांनी सांगितलं की एक तृतीयांश आमदार फुटले तर पक्षांतरबंदी लागत नाही. ती तरतूद दहाव्या परिशिष्टाचा तिसरा परिच्छेद होती, 1985 ची. 2003 च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने तो परिच्छेदच काढून टाकला. आता फक्त चौथा राहिलाय, दोन तृतीयांश आणि विलीनीकरण. गेल्या अडीच वर्षांत महाराष्ट्रात दोन पक्ष फुटले. विलीनीकरण कोणत्याच गटाने केलं नाही. तर हे सगळं कोणत्या परिच्छेदात बसतं?"

खरं सांगतो, त्या संध्याकाळी विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न. ज्यावर राज्यातली सरकारं पडली आणि उभी राहिली, त्याच्यावर त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. व्यासपीठावर क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. असं एकमत पुन्हा झालं नाही. मग पहिला वक्ता माईक ओढून म्हणाला, "मित्रा, तुझी तळमळ मी समजू शकतो!" टाळ्या. दुसरा उठला आणि म्हणाला की हा छत्रपतींचा महाराष्ट्र आहे, इथे गद्दारीला माफी नाही. त्यावर मागच्या तीन रांगा उभ्या राहिल्या. तिसऱ्याने त्याच छत्रपतींचं नाव घेऊन उलट बाजू मांडली, तेव्हा पुढच्या दोन.

साहेब खाली बसले. मी विचारलं, उत्तर मिळालं का?

"पर्यायातच नव्हतं सर."

थोडा वेळ गप्प राहून तोच म्हणाला, "दहा जानेवारीलाही तसंच झालं. विधानसभा अध्यक्षांनी पक्षफुटीवर निकाल दिला. इकडचे अपात्र नाहीत, तिकडचेही अपात्र नाहीत. दीड वर्ष वाट पाहिली आणि प्रश्नच रद्द."

त्याची कीव करायचं मात्र कारण नाही, आणि त्याला ती आवडणारही नाही. तो हट्टी आहे, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त करतो, आणि राजकारण म्हणजे बरोबर उत्तर शोधणं असतं यावर त्याचा विश्वास आहे. गावातला सरपंच कोण हे त्याला आठवावं लागलं. पण त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात पंचायतींना दिलेले एकोणतीस विषय त्याला क्रमाने येतात.

मतदान वीस नोव्हेंबरला, परीक्षा एक डिसेंबरला. नाव गावच्या यादीत, म्हणजे एसटीने जाऊन येऊन दोन दिवस. जाणार का, असं विचारलं. जाणार म्हणाला. मग नोटाच दाबणार असाल, मी चिडवलं. त्याने मान हलवली. "'वरीलपैकी नाही' हा पर्याय बहुतेक वेळा चूक असतो सर. चार वेळा दाबून बघितलाय, पेपरात. आणि चुकलं तर तिथे प्रश्नाचे पाव गुण जातात, इथे पाच वर्षं जातात."

निघताना दारात त्या तळमळ समजणाऱ्या वक्त्याने त्याला गाठलं. खांद्यावर हात टाकला. "काय अभ्यास आहे राव तुझा! तुझ्यासारख्या पोरांची पक्षाला गरज आहे. वॉर रूमला ये. मुद्दे काढून द्यायचे, भाषणं तपासायची. मानधन देऊ, जेवणाची सोय आहे. रविवारी पण." मेसचे थकलेले दोन महिने माझ्याच डोळ्यांसमोर आले. साहेबांनी खांद्यावरचा हात अदबीने खाली ठेवला.

"जमणार नाही सर. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, 1979. नियम पाच. शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं काम करता येत नाही."

"अरे, पण तू कुठे शासकीय कर्मचारी आहेस?"

"होणारंय ना सर."