तळेदाखवे

'तळेदाखवे' हे आडनाव नव्हे, त्यामुळे मतदारयादीत ते सापडणार नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत, म्हणजे जुन्या शहरातून तुळजापूरच्या वाटेला लागताना घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती अशा वस्त्यांना पोटात घेऊन पसरलेल्या पेठेत, बाहेरगावचा पाहुणा उतरला की त्याला गाव दाखवण्याची जबाबदारी ज्या गृहस्थांवर आपोआप येते, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर जे ती दुसऱ्या कुणावर येऊच देत नाहीत, त्यांच्या वृत्तीचे हे नाव आहे. असे गृहस्थ प्रत्येक गल्लीत एक तरी असतात आणि दोन असल्यास त्यांचे एकमेकांशी पटत नाही. वय पन्नाशीच्या पुढचे, व्यवसाय चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्याचा अथवा त्यातून नुकतेच मोकळे झाल्याचा, वाहन स्कूटर आणि खांद्यावर ऊन असो वा नसो एक टॉवेल, एवढ्या खुणांवरून ते ओळखता येतात. टॉवेल सोलापुरीच असतो, आणि पाहुण्याने घाम पुसण्यासाठी तो मागितल्यास सोलापुरी मालाच्या टिकाऊपणावरील पहिले व्याख्यान तेथेच सुरू होते.

या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा शेजारीशेजारी नांदतात, आणि तळेदाखव्यांना त्या चारही येतात. रिक्षावाल्याशी घासाघीस एका भाषेत, फुलवाल्या बाईंशी चौकशी दुसरीत आणि पाहुण्यापुढे बढाई तिसरीत, असे त्यांचे साधारण वाटप असते. येथे सोलापुरी बोलीतील 'बे' या अव्ययाची नोंद घेणे आवश्यक आहे. हे संबोधन बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी असून त्यात अपमान मुळीच नसतो, असे सोलापूरकर सांगतात, आणि बाहेरच्यांना ते पटायला काही वर्षे लागतात. तळेदाखवे जावयाला 'मालक' म्हणतात, व्याह्यांना 'पावणं' म्हणतात आणि भाच्याला 'बे' म्हणतात. मग तो भाचा दुबईत कितीही मोठ्या हुद्द्यावर का असेना.

भाच्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण या व्यक्तिविशेषाच्या इतिहासातील खरे संकट त्याच्यापासून सुरू होते. पूर्वीचा पाहुणा लग्नाला, बारशाला किंवा गड्ड्याच्या यात्रेला येत असे, दाखवाल ते पाहत असे आणि परत जाताना शेंगाचटणी नेत असे. आजचा पाहुणा दुबईहून, सिंगापूरहून किंवा निदान मुंबईहून येतो आणि त्याने 'वॉटरफ्रंट' पाहिलेला असतो. वॉटरफ्रंट म्हणजे समुद्र, खाडी, नदी किंवा तळे यांच्या काठाला फरशी घालून, दिवे लावून, खाण्यापिण्याची दुकाने मांडून पाण्याकडे तोंड करून बसलेला शहराचा भाग. जुन्या मराठीत याला घाट म्हणता आले असते. फरक इतकाच की घाटावर माणूस पाण्यात उतरतो, तर वॉटरफ्रंटवर तो कठड्याला टेकून पाण्याकडे पाठ करतो आणि स्वतःचे छायाचित्र काढतो. अशा ठिकाणांहून आलेला भाचा पहिल्याच सकाळी चहा पिता पिता विचारतो, "मामा, इथं बघण्यासारखं काय आहे? आणि करण्यासारखं काय आहे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तळेदाखव्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. दुसरा प्रश्न त्यांना पूर्वी कुणी विचारलेलाच नव्हता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तळे. बाळीवेस, टिळक चौक, मधला मारुती, माणिक चौक, विजापूर वेस अशा गर्दीतून स्कूटर काढत पंचकट्ट्यापाशी आणली जाते आणि तेथून पुढे मौन पाळले जाते. सिद्धेश्वर तलाव आणि त्याच्या पाण्यात उभे असलेले ग्रामदैवताचे मंदिर डोळ्यांसमोर आले की पाहुण्याने आपणहून काही बोलावे, अशी अपेक्षा असते. तो 'छान आहे' म्हणाला तर तळेदाखवे ते ऐकलेच नाही असे दाखवतात, कारण त्यांना हवे असते ते निराळेच. ते स्वतः मंदिराचे शिखर पाहत नाहीत, काठावरची झाडे पाहत नाहीत, समोरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाकडेही पाहत नाहीत. ते पायऱ्या मोजतात. किती पायऱ्या बुडाल्या आहेत आणि किती उघड्या पडल्या आहेत यावरून त्यांची मुद्रा ठरते, आणि मग पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणतात, "पाणी बघा की. किती हाय!" अवर्षणप्रवण मुलुखात वाढलेल्या माणसाला पाण्याचे सौंदर्य त्याच्या प्रमाणात दिसते, रंगात नव्हे, ही सौंदर्यदृष्टी भाच्याला समजत नाही, कारण ज्या शहरात तो राहतो तेथे समुद्राची पातळी कुणी मोजून घरी येत नाही.

भाचा आपल्या शहरातील पाण्याचे वर्णन करू लागला की खरी मौज सुरू होते. दुबई मरीना हा तेथील प्रसिद्ध भाग वाळवंटात सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कालवा खोदून, त्यात समुद्राचे पाणी घेऊन वसवलेला आहे, हे त्याने अभिमानाने सांगावे आणि मामांनी शांतपणे विचारावे, "म्हंजे खोदलेलंच की? मग आमचंबी खोदलेलंच हाय बे." हे मात्र बढाईत मोडत नाही. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलिगे या नावाने ओळखले जात असताना सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळे खोदवले, अशी परंपरा आहे. कन्नड वचनसाहित्यात त्यांचे स्थान मोठे आहे आणि पुढे ते कल्याणला बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात गेले. शिवशरणांचे संवाद सांगणाऱ्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात आणि तळी-देवळे उभारण्यात गुंतलेल्या सिद्धरामांना माती खणणारा राम अशा अर्थाच्या नावाने हिणवतात, असा प्रसंग आहे. तळ्याकाठच्या विकासकामावर बाहेरून आलेल्या विद्वानाने टीका करण्याची प्रथा सोलापुरात आठशे वर्षांहून जुनी आहे, असे यावरून म्हणता येईल. तळेदाखव्यांना हा प्रसंग माहीत असतो, पण ते तो भाच्याला सांगत नाहीत, कारण त्यात बाजू अल्लमप्रभूंची वरचढ ठरते.

आता दुसरा प्रश्न. 'करण्यासारखं काय' याचे तळेदाखव्यांनी शोधून काढलेले उत्तर दोन शब्दांचे आहे: "जानेवारीत या." जानेवारीत या शहरात करण्यासारख्या गोष्टींची कमतरता नसते हे खरेच आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिलाच गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, म्हणजे खांद्या-कमरेच्या बळावर तोलून धरायच्या उंच सजवलेल्या काठ्या, मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर सिद्धरामांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या अक्षता पडतात, होम मैदानावर होम होतो, शोभेचे दारूकाम होते आणि कप्पडकळीने यात्रेची सांगता होते. पण शाळांच्या सुट्ट्या आणि दुबईच्या रजा यांचे गणित असे की भाचा नेहमी मे महिन्यात येतो, जेव्हा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि करण्यासारखी एकमेव शहाणी गोष्ट म्हणजे पंख्याखाली निजणे. त्यामुळे सगळी प्रेक्षणीयता जानेवारीत आणि सगळे प्रेक्षक मे महिन्यात, या पेचावर तळेदाखव्यांचे अख्खे वक्तृत्व पोसलेले आहे. ते भर उन्हात रिकाम्या होम मैदानाकडे बोट दाखवून नंदीध्वज कुठून येतात, कुठे वळतात आणि कुठे थांबतात हे इतक्या तपशिलाने सांगतात की पाहुणा मिरवणुकीला वाट द्यावी तसा बाजूला सरकतो.

जावई बरोबर असेल तर मुक्काम किल्ल्यात लांबतो. या किल्ल्याचा इतिहास युद्धशास्त्राच्या अभ्यासकांपेक्षा लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांना अधिक उपयोगी पडावा असा आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या आदिलशाहीतील राजकन्या मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे ठरले होते. तो दिला गेला नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी दोन्ही घराणी पुन्हा सोयरीक करू लागली, हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली गेली आणि या वेळी सोलापूर खरोखरच तिच्याबरोबर सासरी गेले. हा भाग तळेदाखवे जावयाकडे न पाहता सांगतात. 'ठरलं होतं, पण दिलं न्हाई' या वाक्यापाशी ते किंचित थांबतात, आणि लग्नात कबूल केलेली सोन्याची साखळी अजून न मिळालेला जावई असेल तर तोही थांबतो.

संध्याकाळी चौपाटी. समुद्रापासून दूर दख्खनच्या पठारावर वसलेल्या या शहरात चौपाटी आहे, हे ऐकून भाचा चमकतो. पार्क चौकात स्टेडियमला लागून खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, त्या जागेला पार्क चौपाटी म्हणतात. 'चौपाटी' या शब्दाची एक व्युत्पत्ती चार पाट, म्हणजे पाण्याचे चार प्रवाह, अशी सांगितली जाते. सोलापूरकरांनी त्यातून पाणी वजा केले आणि उरलेली भेळ ठेवली. गंमत बाजूला ठेवली तर यात खोल व्यवहारज्ञान आहे. जगातील कोणत्याही आधुनिक जलतीरावर गर्दीचा मोठा भाग प्रत्यक्षात खाण्यासाठीच आलेला असतो, पाणी हे निमित्त असते. ते निमित्त परवडत नसेल तर सोडून द्यावे आणि थेट मुद्द्यावर यावे, हा विचार इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या शहराने अमलात आणल्याचे ऐकिवात नाही.

चौपाटीवरून परतताना स्कूटर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबते. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर इंग्रजांनी लष्करी कायदा लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. येथे तळेदाखवे काहीही वाढवून सांगत नाहीत. चार नावे घेतात, खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरतात आणि पुन्हा किक मारतात.

पाहुणा हैदराबादचा असेल तर मात्र सामना अवघड होतो. पेठेतील अनेक तेलुगू भाषक विणकर घराण्यांची सोयरीक तिकडे आहे, आणि तिकडच्या माणसाने हुसेनसागर पाहिलेला असतो, त्यातील १९९२ साली उभा केलेला एकसंध दगडाचा प्रचंड बुद्ध पाहिलेला असतो, टँक बंडवर आइस्क्रीम खाल्लेले असते. त्यावर तळेदाखवे प्रथम वयाचा मुद्दा काढतात: हुसेनसागर सोळाव्या शतकातला, आमचे तळे बाराव्या. तो पुरला नाही की ते आकाराचा मुद्दा काढतात आणि उजनीला हात घालतात. भीमेवरील या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट आहे, पण त्यातील जवळजवळ ६४ टीएमसी 'मृत साठा' धरला जातो, म्हणजे एरवी मोजणीत न घेतलेला तळचा भाग. उन्हाळ्यात उपयुक्त पाणी संपून या तळच्या भागाला हात लागला की वर्तमानपत्रे 'उजनी उणे' असे छापतात आणि सोलापूरकर 'मायनसमधी गेली' म्हणतात. शून्याच्या खाली जाऊनही शहराला पाणी पाजणारे धरण दाखवा, असे आव्हान दिल्यावर हैदराबादकर गप्प होतो. तो निरुत्तर झाला की गोंधळला, याचा निवाडा तळेदाखवे स्वतःच्या बाजूने करतात. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाल्यापासून त्यांनी पुढचे पाऊल टाकले असून आता ते अरबी समुद्राचाही समावेश प्रेक्षणीय स्थळांत करतात. "तासाभरावर हाय की," एवढेच ते म्हणतात.

हा सर्व डौल ज्या एका गोष्टीपुढे कोसळतो ती गोष्ट म्हणजे नळ. उजनीपासून सुमारे ११० किलोमीटर नळातून येणारे पाणी शहराच्या भागाभागांत वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड सुटत आले आहे, आणि ते येण्याचा दिवस चुकवणे हा पेठेतील गृहस्थधर्मात अक्षम्य अपराध आहे. किल्ल्याच्या तटावर चांदबीबी नुकती सासरी निघालेली असते, एवढ्यात खिशातला फोन वाजतो आणि पलीकडून फक्त दोन शब्द येतात: "नळ आला." तळेदाखवे वाक्य पुरे करत नाहीत. चांदबीबीला वाटेत सोडून, पाहुण्याला मागे बसवून ते ज्या वेगाने विजापूर वेस, माणिक चौक, बाळीवेस असे उलटे निघतात, तो वेग पाहून स्कूटरच्या वयाविषयी शंका येते.

गल्लीत त्या वेळी सगळी दारे उघडी असतात, सगळे दिवे लागलेले असतात, मोटारी घरघरत असतात, नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, कुणीतरी चहा फिरवत असते आणि आबालवृद्ध आपापल्या टाकीच्या तोंडाकडे पाहत उभे असतात. पाण्याकडे तोंड करून बसलेला शहराचा भाग ही व्याख्या वर दिली आहे. ती येथे पडताळून पाहण्यास हरकत नाही. सकाळपासून 'करण्यासारखं काय' विचारणाऱ्या भाच्याच्या हातात बादली दिली जाते, आणि घागरी, बॅरल, टिपाड, वरची टाकी, मोलकरणीने धुऊन ठेवलेली पातेली या क्रमाने तो दोन तास पाणी भरतो. शेजारच्या काकू त्याचे लग्न ठरले का ते विचारतात, समोरचे आजोबा दुबईत नळ किती दिवसांनी येतो ते विचारतात, आणि रोज येतो हे ऐकून त्यांना त्याची दया येते. रोज पाणी येत असेल तर माणसे एकमेकांना भेटतात कधी, ही त्यांची शंका अगदी सरळ असते.

सोलापूर पाहण्यासाठी भवानी पेठेतील नातेवाइकांकडे उतरण्याचा बेत असल्यास वाचकांनी तिकीट काढण्यापूर्वी फोन करून त्या गल्लीत पाणी कोणत्या वारी येते ते विचारून घ्यावे. वार ठरलेला नसतो, जानेवारीत या, असे उत्तर मिळेल.